छाट

आमच्या गोंदियात ‘छाट’ हा शब्द शाळेत जायच्या आधीच कळतो. आई वळलेल्या बिड्या त्या गोळा करणाऱ्या सट्टेदाराकडे न्यायची. त्यातल्या तो बाजूला काढी ती छाट. तिचे पैसे नाहीत. टपालतिकिटे जमवणाऱ्यांतही अशी छाट असते. तिकिटावर कुण्या पेढीने स्वतःचे नाव छापले असेल, तर जाणते लोक ते ‘खराब’ म्हणून सारून देतात. मी नेमके तेच उचलतो.

तिकीट म्हणजे रोकडच. कारकुनाने खिशात घातले तर ओळखायचे कसे? म्हणून मालक आधीच खूण करून ठेवत. ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेने १८५९ ते १८७० या काळात पेनीच्या लाल तिकिटांवर ओ.यू.एस. ही अक्षरे छापली ती याच धास्तीने. जोसेफ स्लोपरने तिकिटात बारीक भोकांनी आद्याक्षरे पाडायची युक्ती काढली, तिला १८६८ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने मान्यता दिली. आपल्याकडच्या पेढ्यांनीही मग भोके पाडली. त्यात १९०६ पासून इथे एक आण्याचे तिकीट टपालालाही चाले आणि पावतीलाही, म्हणजे चोराला दुप्पट गिऱ्हाईक!

खरे काम भिंगाखाली. टपालाचा काळा शिक्का छापलेल्या नावाच्या वर बसलेला हवा. नावच शिक्क्यावर चढलेले दिसले, की समजावे, हा मागाहून केलेला उद्योग. छापखान्यातल्या खिळ्यांनी छापलेले असेल तर तिकिटाच्या पाठीवर बोटाला किंचित उठाव लागतो. रबरी शिक्क्याचा लागत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात बांगलादेशी निर्वासितांसाठी पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट आले. ‘रिफ्यूजी रिलीफ’ छापलेली तिकिटे पोहोचेपर्यंत ठिकठिकाणच्या पोस्टांनी हातानेच रबरी शिक्के मारले. ते बघून तिकिटे विकणाऱ्यांनीही मारले. त्यांत मी अजून फसतो.

पण माझी सगळ्यात मोठी चूक घरातल्या वाटीत झाली. रद्दीत एका पाकिटाचा फाटका कोपरा सापडला. त्यावर सहाव्या जॉर्जचे तिकीट, अन् तिकिटावर आडवी जांभळी अक्षरे. नाव सावकाश वाचू म्हटले आणि तिकीट सुटावे म्हणून सवयीने कोपरा पाण्यात टाकला. चहा पिऊन येतो तो वाटीतले पाणी जांभळे.

तिकीट मात्र छान निघाले. टपालाचा काळा शिक्का तेवढा ठसठशीत, बाकी स्वच्छ. कुणीही हौसेने घ्यावे असे.