पहिला भिडू

आमच्या घरी लिलाव झाला, हे ऐकून कोणी हळहळू नये. कर्ज थकले नव्हते, की भांडीकुंडी रस्त्यावर आली नव्हती. २०२५ च्या मे महिन्याचा तो शेवटचा दिवस. आमच्या छत्रपती संभाजीनगरचे ऊन असे, की दुपारी कावळासुद्धा कामाशिवाय उडत नाही. त्यातून नळाला पाणी येण्याचा दिवस. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाने बादल्यांची राखण करीत बसायचे. तिकडे मुंबईत प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव चालू होता. तेव्हा आमचे चिरंजीव आणि बेगमपुऱ्याहून चार दिवस राहायला आलेला माझा पुतण्या या दोघांनी ठरवले, की आपणही एक लिलाव करावा.

भांडवल म्हणून प्रत्येकी शंभर चिंचोके. खेळाडूंच्या चिठ्ठ्या माझ्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या. (विद्यार्थी पाने कोरी सोडतात, त्याचा हा एवढाच उपयोग मला आजवर सापडला आहे.) लिलाव पुकारणारा अर्थात मी, आणि ठोकायला हातोडा नव्हता म्हणून सौ.ने मोठ्या नाखुशीने दिलेला खलबत्त्यातला बत्ता.

पहिलीच चिठ्ठी निघाली मोहम्मदरेझा शादलू या इराणी गड्याची. पुतण्याने थेट पंचेचाळीस चिंचोके पुढे सरकवले. चिरंजीव हसून गडाबडा लोळले.

"अरे, पकडणाऱ्यावर निम्मे पैसे? आधी चढाईवाला घ्यायचा. धरणारे काय, शेवटी कोणीही मिळतात!"

"कोपरा रिकामा ठेवून चढाई करणार का तू?" पुतण्या म्हणाला.

झाले! चिंचोके राहिले बाजूला आणि वाद माझ्यापुढे आला. मी एम. ए. आहे, म्हणजे मला सगळे ठाऊक असते, असा मुलांचा अजून समज आहे. तो मोडू नये म्हणून मी विचार करायला वेळ मागून घेतला.

वाचकांपैकी ज्यांचा हुतूतूशी संबंध शाळेबरोबर संपला त्यांच्यासाठी सांगतो. सातजणांचा संघ. एकजण दम घेऊन पलीकडे जातो, त्याला तीस सेकंद. बाकीचे हात धरून साखळी करून उभे. त्यांत दोन टोकांना दोन कोपरारक्षक. पलीकडून आलेल्याचा पाय रेषेपलीकडे जरा लांबला, की खाली झेपावून घोटा धरायचा, हे त्यांचे काम. अंगाला माती लागते, गुडघे सोलतात, आणि टाळ्या पडतात त्या बहुधा वरून येऊन अंगावर कोसळणाऱ्या मध्यरक्षकाला.

हिशेब पाहिला तर चिरंजीवांचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. चढाईपटू एका दमात दोन-तीन गडी मारू शकतो, वर बोनसचा गुण. पकडीला मात्र एकच गुण. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना केली तरच दोन. असे असताना पैसे कोणाकडे जावेत? २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा सर्वांत आधी गाठला तो फझल अत्राचली या कोपरारक्षकाने. यू मुंबाने त्याला घेतले. पण लिलाव संपेपर्यंत चढाईवाले त्याच्यापुढे निघून गेले आणि मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. बाजाराने कोपऱ्याचे कौतुक केले, पण घटकाभरच.

तरी या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही. समोरच्याचा हुकमी चढाईपटू धरला, की गुण एकच मिळतो खरा, पण तो गडी बाहेर जाऊन बसतो. त्याच्या संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करीपर्यंत तो बसूनच राहतो. तेवढ्या वेळात त्याने जे गुण मिळवले असते ते कोणत्याच फलकावर लिहिले जात नाहीत. न झालेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार?

मी मुलांना २०२३ चा दाखला दिला. ऑक्टोबरच्या त्या लिलावात प्रत्येक संघापाशी पाच कोटी होते आणि जवळ राखलेल्या खेळाडूंचे पैसेही त्यांतूनच जायचे. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. आपल्या पुणेरी पलटणने शादलूसाठी २ कोटी ३५ लाख. म्हणजे दोघांनी जवळजवळ निम्मी थैली एकाच माणसावर रिकामी केली. पवनचे कसब कमी नव्हते. तरी टायटन्सने बावीस सामन्यांत दोन जिंकले आणि तळ गाठला. शादलूने हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच करंडक उचलला. पुढच्या हंगामाआधी पलटणने त्याला सोडले. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले आणि डिसेंबरच्या २९ तारखेला पुण्यातच, बालेवाडीत, विजेतेपद मिळवले. समोर पाटण्याचा संघ होता. त्यात देवांक दलाल, ज्याने त्या हंगामात चढाईचे तीनशेवर गुण कमावले होते. त्या दिवशी सगळ्या पाटण्याचे मिळून गुण झाले तेवीस.

"बघ!" पुतण्या ओरडला.

"पण पलटणचा तो अंतिम सामना पंकज मोहितेच्या चढायांनी जिंकला," चिरंजीव म्हणाले. "आणि तो पुण्याचा जुनाच होता. लिलावात नव्हता आणलेला."

हे खरे होते. मी बत्ता खाली ठेवला. चढाईवाले घरात तयार असतील तर कोपरा विकत घ्यावा. घरात कोणीच नसेल तर मग काय? टायटन्सची चूक पवनला घेण्यात होती, की त्याच्या मागे कोणी उभे न करण्यात? तसे पाहिले तर २०२२ साली तमिळ थलैवाजने पवनलाच सर्वांत महाग घेतला होता, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, आणि तरीही तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. कारण सागर राठी, साहिल गुलिया यांची बचावाची फळी भक्कम होती. आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, १९९० पासून कधी सुवर्णपदक न सोडलेल्या आपल्या पुरुष संघाला उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे रोखले, तेव्हाही आपल्याकडे चढाईवाल्यांची काही वाण नव्हती. आपले पाय त्यांच्या हातांतून सुटत नव्हते, एवढेच.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याच्याकडून कळले, की तिकडेही हाच तंटा आहे. त्यांचा फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. दरवर्षी नव्या खेळाडूंची वाटणी होते आणि सर्वांत दुबळ्या संघाला पहिला भिडू मागायचा मान. तो मान चेंडू फेकणाऱ्या नायकावर खर्चावा, की त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहून त्याला वाचवणाऱ्या आडदांडावर, यावर म्हणे लोक रात्ररात्र भांडतात. २०१३ साली कॅन्सस सिटीने पहिल्या क्रमांकावर एरिक फिशर नावाची अशी एक भिंतच मागितली. सात वर्षांनी तो संघ अजिंक्यपद जिंकला तेव्हा भिंत जागेवर होती. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलनेही असाच एक आडदांड घेतला होता. त्याचा पहिल्याच हंगामात घोटा मोडला आणि पुढे त्याच्या हातून अपेक्षेसारखे काही झाले नाही. म्हणजे तिथेही न्यायनिवाडा नाहीच.

न्यायाधीश म्हणून माझी आणखी एक अडचण होती. ती मुलांना सांगण्यासारखी नव्हती.

बेगमपुऱ्यात, मकई दरवाजाच्या अलीकडे, आमच्या लहानपणी एक मोकळी जागा होती. तिथे आम्ही हुतूतू खेळत असू. मी एका बाजूचा कायमचा कप्तान. कर्तबगारीमुळे नव्हे, रेषा आखायची फक्की आमच्या घरून येई म्हणून. दोन कप्तानांनी समोरासमोर उभे राहायचे आणि आळीपाळीने भिडू मागायचे. पहिला भिडू मी नेहमी एकच मागे. त्या मुलाचे पाय असे चालत, की तो गेला कधी आणि आला कधी हे कळू नये. माझा धाकटा भाऊ, मजहून दोन वर्षांनी लहान, शेवटपर्यंत उभा असे. शेवटी उरला म्हणून माझ्याकडे येई आणि न सांगता डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. तो घरचाच आहे, तो कुठे जातो, असा माझा हिशेब. त्यामुळे त्याला मागायचे असते, हे कधी माझ्या डोक्यातच आले नाही.

१९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी दुसऱ्या कप्तानाने पहिला भिडू म्हणून त्याचे नाव घेतले. मला हसू आले. धाकट्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो पलीकडे गेला.

शेवटची चढाई माझी होती. मी एकाला स्पर्श करून वळलो आणि घोट्यावर दोन हात बसले. मी झटकले, ओढले, दम न सोडता त्याला चार हात फरफटत नेले. त्याच्या बाजूचे बाकीचे तोंड उघडे टाकून बघत उभे होते. कोणी मदतीला आले नाही. मध्यरेषा वीतभर राहिली आणि माझा दम गेला. हात सुटले तेव्हा पाहिले, त्याची हनुवटी दगडावर फाटली होती. तीन टाके पडले. घरी आईने मला फराळाच्या डब्याला हात लावू दिला नाही. त्याने मात्र चकल्या माझ्यासाठी चोरून आणल्या. तो वण अजून आहे. दाढी केली की जास्त दिसतो.

पुढे मी शिकलो, एम. ए. झालो, नोकरीला लागलो, गारखेड्यात घर केले. व्याख्यानांना जातो, शाली-नारळ घेऊन येतो. तो वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. पुण्याला बढतीवर जायची संधी त्याला आली होती. नेमक्या त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो गेला नाही. याची चर्चासुद्धा आमच्यात झाली नाही. तो घरचाच होता.

तर त्या संध्याकाळी तो पोराला न्यायला आला. पाळी संपवून, घामाने डबडबलेला. सौ.ने पन्हे दिले. मुलांनी त्याला गाठले आणि खटला पुन्हा उभा राहिला. "काका, तुम्ही सांगा. पहिला कोण घ्यायचा?"

त्याने पन्हे संपवले, पेला खाली ठेवला, आणि विचार केला. मी करतो तसा दाखवण्यासाठी नव्हे.

"कोपरा आधी घ्यावा," तो म्हणाला, "पण त्याच्या शेजारच्याचे पैसे शिल्लक ठेवून. कोपरा नुसता पाय धरतो रे. धरला, की शेजारच्याने यायचं असतं. तो येणार असा भरवसा असेल तरच माणूस खाली झेप घेतो."

"आणि नाही आला तर?" चिरंजीव.

"तर मग धरून ठेवायचं. जमेल तेवढं." तो हसला. "तुझ्या बाबांना विचार. त्यांना एकदा मी एकट्यानंच धरलं होतं."

मुले खिदळली. माझ्या हातात बत्ता तसाच होता. चेष्टेतच बोलला तो, मला टोचावे म्हणून नव्हे. तसे बोलणे त्याला येतच नाही. मी मात्र त्याच्या हनुवटीकडे पाहत राहिलो. त्या महिन्यात मी वडिलांना भेटायला किती वेळा गेलो होतो, हे मनात मोजू लागलो, आणि मोजायला फार वेळ लागला नाही.

(मुलांचे काय झाले म्हणाल, तर त्याच दिवशी मुंबईत शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. देवांकला बंगालने २ कोटी २० लाख ५० हजारांना घेतले. ऑक्टोबरअखेर अंतिम सामन्यात उतरले ते दिल्ली आणि पुणे, आणि जिंकली दिल्ली. दोघेही चिरंजीव आठ दिवस कबड्डीचे नाव काढीत नव्हते.)

"चल रे," धाकटा पोराला म्हणाला, "आजोबांच्या औषधाची वेळ झाली. त्यांना कुशीवर वळवायचंय, आणि तुझी आई एकटी आहे."

पोरगा चिंचोके खिशात भरू लागला. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकीतून हाक मारली.

"थांब जरा. मीही येतो."

"अहो, आणि पाणी?" सौ. आतून म्हणाली. "नळ अजून चालू आहे!"

चिरंजीवांच्या हाती बादली देऊन मी चपला शोधू लागलो.