वॉटसन हॉटेलातील एक थप्पड

मार्क ट्वेनच्या 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या प्रवासवर्णनातली मुंबईची प्रकरणे आम्ही गेली काही वर्षे वर्गात वाचतो आहोत. आम्ही दोघे गोंदियाच्या एका महाविद्यालयात शिकवतो. एकाचा विषय इंग्रजी, दुसऱ्याचा मराठी. वर्ग मात्र या पानांपुरता एकत्र बसवतो. समोरच्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी हॉटेल म्हणजे चहा-नाश्त्याचे ठिकाण एवढेच पाहिलेले असते, आणि मुक्कामाची सोय म्हणजे स्टेशनाजवळचा लॉज किंवा नातेवाइकांचे घर. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले ते भव्य हॉटेल त्यांना एखाद्या परीकथेसारखे वाटते. निदान सुरुवातीला तरी.

ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला तो वॉटसनच्या एस्प्लनेड हॉटेलात. ही इमारत मुळातच नवलाची. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला गेला, जहाजाने इथे आला आणि काळा घोडा परिसरात १८६०च्या दशकाच्या अखेरीस जोडून उभा करण्यात आला. ट्वेन जाऊन सहा महिने होतात न होतात तोच, ७ जुलै १८९६ रोजी, ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली तीही याच हॉटेलात. म्हणजे शहरात जे जे नवे येई ते आधी इथे मुक्कामाला येई, असे म्हणायला हरकत नाही.

ट्वेनने खोलीत शिरण्याचा प्रसंग मोठ्या गमतीने लिहिला आहे. सामान घेऊन नोकरांची रांगच्या रांग निघते. एकाच्या हाती फक्त कोट, दुसऱ्याच्या हाती छत्री, कोणाकडे सिगारांची पेटी, कोणाकडे एक कादंबरी. आणि शेवटच्या माणसाकडे तर नुसता पंखा. इथे वर्ग हसतो. हसावे अशीच ती जागा आहे.

त्याच पानावर हसू थांबते. खोलीची व्यवस्था पाहायला एक धिप्पाड जर्मन सोबत आलेला असतो. सज्जाकडे उघडणाऱ्या दाराचे काहीतरी काम असते. एक 'नेटिव्ह' नोकर गुडघ्यांवर बसून ते करू लागतो. ते काम जर्मनाच्या मनास येत नाही. तो त्या माणसाच्या जबड्यावर एक तडाखा देतो आणि कुठे चुकले ते मग सांगतो. आधी मार, मागाहून खुलासा. नोकर काही बोलत नाही, चेहऱ्यावरही काही उमटू देत नाही.

यानंतर ट्वेन जे करतो त्यामुळे हे पान जगातल्या चांगल्या गद्यात गणले जावे, असे आम्हांला वाटते. तो म्हणतो की पन्नास वर्षांत असे दृश्य पाहिले नव्हते, आणि एका क्षणात तो मिसूरीतल्या आपल्या लहानपणीच्या गावात जाऊन पोहोचतो. त्याला आठवतो तो गुलाम मुलगा, ज्याला ट्वेनचे एरवी सौम्य असणारे वडील क्षुल्लक चुकीसाठी फटकावत. आठवतो तो दुसरा गुलाम, ज्याच्यावर मालकाने रागाच्या भरात लोहखनिजाचा गोळा फेकला आणि जो तासाभरात मेला. त्या काळी हे सारे आपल्याला स्वाभाविक वाटे, अशी कबुलीही तो देतो. श्रीमंत पाहुण्याने हॉटेलच्या खोलीत बसून स्वतःच्या घराची झडती घ्यावी, हे वारंवार घडत नाही.

तरीही एवढे सांगून झाल्यावर काही उरतेच. ट्वेन मिसूरीला जातो आणि परत येतो, पण गुडघ्यांवर बसलेला माणूस तोवर पानावरून नाहीसा झालेला असतो. त्याच्यामुळे ट्वेनला स्वतःचे बालपण सापडले. त्याचे स्वतःचे काय झाले ते कळत नाही. पुढे याच मुक्कामात ट्वेन एक नोकर ठेवतो आणि त्याचे खरे नाव बाजूला सारून त्याला 'सेटन', म्हणजे सैतान, असे नाव देतो. प्रेमाने देतो, यात शंका नाही. पण देतो.

दोन वर्षांपूर्वी याच जागी, सालेकसा तालुक्यातून रोज रेल्वेने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्याला मारलं त्याचं नाव काय होतं?" पुस्तकात नाही, असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "माझा भाऊ नागपूरला हॉटेलात आहे. त्याला तिथं सगळे छोटू म्हणतात. तो सव्वीस वर्षांचा आहे." वर्ग पुन्हा थोडा हसला, ती हसली नाही.

आमच्यातल्या मराठीवाल्याने त्या वेळी विष्णुभट गोडशांचा दाखला देऊन पाहिला. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक, बंडाच्या धामधुमीत झाशीपर्यंत जाऊन आला. 'माझा प्रवास' छापून निघाले ते १९०७ साली. गोडसे भटजी कोणाच्या आश्रयाला राहिले, कोणी काय दिले, हे कृतज्ञतेने नोंदवून ठेवतात. तिथे पाहुणा यजमानाचा ऋणी असतो. वॉटसनमध्ये पाहुणा पैसे मोजतो आणि ऋण उरत नाही. हा फरक खरा आहे, आणि वर्गात सांगायला सोयीचाही आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हते. यजमानाच्या घरी पाणी भरणारे, उष्टी काढणारे कोण होते, हे आपल्या जुन्या प्रवासवर्णनांतही सहसा हाती लागत नाही. आपल्याकडचा पाहुणा अधिक भला, असे म्हणून सुटता येत नाही.

वॉटसनविषयी मुलांना एक गोष्ट मात्र ठाऊक असते. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल उभारले, ही ती गोष्ट. तिच्या खरेपणाविषयी अभ्यासकांना शंका आहे. ताज उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी, आणि त्याचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य होते, एवढे निश्चित. परंतु खरी असो वा नसो, ती गोष्ट टिकली. तिच्यात अपमान होतो तो दारावर आलेल्या पाहुण्याचा. दाराच्या आत, गुडघ्यांवर बसून मार खाणाऱ्याचा अपमान एका जगप्रसिद्ध लेखकाने लिहून ठेवलेला आहे, छापलेला आहे. त्याची दंतकथा कोणी केली नाही. कोणाचा अपमान राष्ट्राचा ठरतो आणि कोणाचा फक्त त्याच्यापुरता राहतो, याचा हा हिशेब साहित्याच्या विद्यार्थ्याने मांडून पाहण्यासारखा आहे.

ताजमध्येच एका ठिकाणी हा हिशेब थोडा बदललेला दिसतो. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात तिथे मरण पावलेल्या एकतीस जणांच्या स्मृतिफलकावर पाहुण्यांची आणि कर्मचाऱ्यांची नावे एकत्र आहेत. पाहुण्यांना बाहेर काढताना तिथले कर्मचारी मागे थांबले होते, हे आता सर्वज्ञात आहे. नावे शेजारी शेजारी आली. त्यासाठी केवढी किंमत पडली, तेही विसरता येत नाही.

हे सारे आम्ही शहाणपणाने बोलत असू. मग एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्हांला मुंबईला जावे लागले. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून पोहोचलो, आणि आयोजकांनी आमची सोय शहराच्या मध्यभागी असलेल्या एका जुन्या, नामांकित हॉटेलात केलेली निघाली. उंच छत, लाकडी जिना, आवाज गिळून टाकणारे गालिचे. आम्ही आमच्या दोन बॅगा घट्ट धरून उभे होतो. गणवेशातला एक माणूस त्या घ्यायला आला, तर आम्ही देईनात. ट्वेनच्या खोलीत शिरणारी ती रांग डोळ्यांपुढे होती. निदान आपण तरी तसे वागायचे नाही, असा आमचा बाणा. तो हलक्या आवाजात म्हणाला, "द्या साहेब. माझं काम आहे ते." आमच्या तत्त्वापायी आम्ही त्याला अडचणीत आणत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

वर जाताना त्याने विचारले, कुठून आलात. गोंदिया म्हटल्यावर तो खुलला. "गाडीच्या पाटीवर वाचलंय. शेवटचं स्टेशन ना?" खोलीत त्याने दिव्यांची बटणे दाखवली, पडदा सारला. त्याला किती द्यावे याची आमच्यात कुजबुज झाली आणि तीही बहुधा त्याला ऐकू गेली. तो गेल्यावर आम्हांला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम वॉटसनची इमारत पाहून आलो. हॉटेल कधीच बंद पडले होते. नंतर तिथे वकिलांची कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आली, २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, आणि पुढे धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली. खाली उभे राहून आम्ही बराच वेळ सज्जांकडे पाहिले, टिपणे काढली.

परत आल्यावर वर्गात प्रवासाची हकिकत सांगितली. बॅगेची गोष्टही सांगितली, थोडी स्वतःवर हसून. त्या मुलीने विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. पितळी, ठळक अक्षरांची. ती आम्हां दोघांनाही आठवत होती. तिच्यावरचे नाव एकालाही आठवेना. मार्क ट्वेनसमोर निदान तशी पट्टी नव्हती.

सत्राच्या अखेरीस आम्ही एक स्वाध्याय दिला होता: वॉटसनमधला तोच प्रसंग नोकराच्या बाजूने लिहा. बहुतेकांनी त्याला एखादे नाव दिले, गाव दिले, एकाने तर त्या जर्मनाला उलट मारायलाही लावले. तिच्या वहीत पहिले वाक्य होते, 'माझे नाव', आणि पुढे मोकळी जागा. मग तो दार पुसत असल्याचे वर्णन. वाक्य अपुरे म्हणून आम्ही सवयीने त्याखाली लाल रेघ ओढली. रेघ खोडता आली नाही. शेजारी 'बरोबर' असे लिहून वही परत दिली.