भिंतीचा गारवा

भिंतीचा गारवा आधी तळहाताला कळतो, मनाला मागाहून. मिनेसोटातल्या जानेवारीत गॅरेजच्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीला हात टेकवावा, तर बाहेरचे उणे २५ अंश मनगटातून कोपरापर्यंत चढत येतात. आणि नेमकी त्याच क्षणी, कशी कोण जाणे, मला वऱ्हाडातल्या आमच्या माजघराची भिंत आठवते. तीही गारच असायची. पण तिचा गारवा माणसाला जवळ घ्यायचा. हा माणसाची ऊब ओढून नेतो.

पांढऱ्या मातीची, हातभर जाड भिंत ती. मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नसे, तेव्हा आजी आम्हा नातवंडांना भिंतीला पाठ लावून ओळीने निजवायची. नुकताच पोतेरा फिरलेला असला की वाळता वाळता ती भिंत ओल्या मातीचा जो मंद, जडसर वास सोडायची, त्या वासातच डोळे मिटत. "भित थंडी हाय, झोप आता," आजीचा आवाज यायचा. बाहेरचं ऊन दिवसभर त्या मातीत मुरत राहायचं आणि आतल्या अंगाला पोचेपर्यंत दिवे लागायची वेळ झालेली असायची. तोवर आमच्या बाजा अंगणात, चांदण्यात. भिंत ऊन अडवत नव्हती, उशीर करत होती. किती मायेचा उशीर!

यंदा बाबा हिवाळाभर इथे राहणार आहेत. हातात रंधा असला, पायाशी लाकडाचा भुसा पडू लागला, की त्यांना परका मुलूख परका वाटत नाही, म्हणून गॅरेज उबदार करायचं ठरलं. आठ इंची ब्लॉक दिसायला भक्कम, पण आतून पोकळ. पोकळीतली हवा स्वस्थ बसत नाही. आतल्या बाजूला तापून वर चढते, बाहेरच्या बाजूला गारठून खाली उतरते, आणि उरलीसुरली ऊब काँक्रीटमधूनच निघून जाते. भिंत उष्णतेला किती अडवते हे इथे आर-मूल्याने मोजतात. नुसत्या ब्लॉकचं ते जेमतेम १ ते २. एक्सपीएस नावाच्या फोमच्या दोन इंची तक्त्याचं १०. एका हाताने उचलावा असा तो तक्ता, पण त्याच्या बारीक कप्प्यांत वायू हलेनासा होऊन बसलेला असतो, आणि थंडीला थोपवतो तो हा स्थिर वायू. आजीच्या गोधडीतही धडुत्यांच्या थरांत अशीच हवा थांबलेली असायची.

फोमऐवजी फायबरग्लासचं अस्तर स्वस्त पडलं असतं, पण ते मला नको होतं. बर्फाच्या दिवसांत गाडीच्या चाकांबरोबर ओल आत येते. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते, मागच्या गार ब्लॉकवर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं, आणि पुढे बुरशी. फोम मात्र थेट भिंतीलाच चिकटतो. बाबांनी एकेका सांध्यावर टेप लावली, अंगठ्याने दाबून, अगदी सावकाश. सारवताना आजीचा हातही असाच कोपऱ्याकोपऱ्यात थांबायचा. ते तिचेच चिरंजीव, हे मला त्यांच्या अंगठ्यात दिसलं. भिंत झाकून झाल्यावर त्यांनी तिला तळवा लावला आणि बराच वेळ काढला नाही. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुम्हीही कोणासाठी अशी भिंत झाकणार असाल, तर एवढं ऐका. आधी गॅरेजच्या दाराच्या फटी बुजवा. वारा तिथूनच शिरतो. फोमला त्याच्यासाठी बनवलेला गोंदच वापरा, नाहीतर गोंदातलं द्रावक फोम खाऊन टाकतं. आणि फोम उघडा ठेवू नका, तो पेट घेतो. त्यावर अर्धा इंची ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा तक्ता, चढल्याशिवाय आपल्या माणसाला तिथे कामाला बसवू नका.