बिनकडीची खोली

एकत्र कुटुंबांत माणूस वाढलें म्हणजे सगळीं थोडीं थोडीं सरकून बसतात आणि निभावतें. खरी पंचाईत होते ती खोली रिकामी झाली म्हणजे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं असा प्रसंग आला. सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा उतरवून त्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां आम्हां दोघां भावांस लगतचे दोन ब्लॉक मिळाले. मधल्या भिंतींत दार पाडून आम्हीं चूल एकच ठेविली. त्या घरांत दहा फूट लांब व नऊ फूट रुंद अशी एक खोली कन्येच्या अभ्यासाची म्हणून होती. कन्या लग्न होऊन बंगळूरास गेली आणि त्या खोलींत शिवणाचें यंत्र, दिवाळी अंकांचे गठ्ठे व कोणाच्या मुंजींतलें तें न आठवणारें एक सोवळें, अशी मंडळी राहूं लागली.

खोलीवर हक्क सांगणारे पुष्कळ निघाले. आमच्या सौभाग्यवतींस तेथें देवघर हवें होतें, वहिनींस पाहुण्यांची खोली, आणि आम्हांस पुस्तकांचीं कपाटें. हा वाद गोडीगुलाबीनें चालला असतां एका रविवारीं पंक्तींत आमचा पुतण्या म्हणाला, "काका, त्या खोलींत मला घरचा बार करावयाचा आहे." पुतण्याचें वय चौतीस, हिंजवडीस संगणकाच्या कंपनींत नोकरी, स्वभावानें मितभाषी. थट्टा करण्याची त्याची रीत नव्हे. वहिनींच्या हातांतील आमटीची पळी भांड्यावर तशीच राहिली.

अशा वेळीं शास्त्र हाताशीं असलेलें बरें वाटतें. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरापान महापातकांत गणलें आहे आणि सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकारही दिले आहेत. आजच्या बाटल्यांस तें लावावयाचें तर रम ही गौडीच्या घराण्यांतली व व्हिस्की पैष्टीच्या. कचाची राख मद्यांतून पोटांत गेल्यावर शुक्राचार्यांनीं ब्राह्मणांस मद्य वर्ज्य केलें, ही आदिपर्वांतील कथा आम्हीं लहानपणींच ऐकलेली. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' 1919 सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील आर्य मदिरा मंडळाचे सभासदही शिकलेसवरलेलेच होते. हा सारा दारूगोळा आम्हीं एका दमांत उडविला.

पुतण्यानें तो शांतपणें ऐकून घेतला. मग म्हणाला, "मी महिन्यांतून दोनदां मित्रांकडे घेतों, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. रात्रीं दीड वाजतां परत येतों तेव्हां आजी जागी असते, आई जागी असते. सकाळीं मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. घेऊं नकोस असें म्हणा, मी ऐकून घेईन. पण घेतच नाहीं असें धरून चालूं नका."

यावर उत्तर देणें सोपें नव्हतें. तो स्वतः रिक्षानें येई; पण त्याचे मित्र गाड्या हांकीत परततात हें आम्हांस ठाऊक होतें. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें 100 मिलिलिटर रक्तांत 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणें हा गुन्हा आहे. ही मर्यादा किती लौकर ओलांडली जाते तें पिणाराच्या ध्यानांत येत नाहीं, आणि ध्यानांत आणून देणारी शक्तीच पहिल्यानें मंदावलेली असते.

सूनबाई वैद्यकी करितात व स्वतः घेत नाहींत. त्यांचें मत आम्हीं मुद्दाम विचारलें. "बेताची घेतली तर हृदयास हितकारक असते" असें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें. त्या म्हणाल्या, "आतां त्या समजुतीवर कोणी विसंबूं नये. मद्यार्काचा समावेश कर्करोगास निश्चित कारण होणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत 1988 सालींच झालेला आहे, आणि निर्धोक असें कोणतेंही प्रमाण नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 च्या जानेवारींत स्पष्ट सांगितलें आहे. घेणाराला सुख वाटतें म्हणून तो घेतो, एवढेंच खरें कारण. त्याला औषधाचें नांव देऊं नये, म्हणजे झालें."

मातोश्री इतका वेळ गप्प होत्या. त्यांचें वय तेव्हां पंचाऐशी. त्या असल्या गोष्टींत एक शब्दानें निकाल देतील व प्रश्न मिटेल, अशी आमची अटकळ होती. त्यांनीं प्रथम सर्वांस जेवण उरकूं दिलें. दुपारीं मात्र आम्हां दोघां भावांस आणि नातवास जवळ बसवून त्या आमच्या काकांविषयीं बोलल्या.

हे काका म्हणजे वडिलांचे धाकटे बंधु. कचेरींत कारकून, हस्ताक्षर मोत्यासारखें. 1968 सालीं ते एकेचाळिसाव्या वर्षीं वारले, तेव्हां आम्ही अकरा वर्षांचे होतों. काविळीनें गेले, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें व साठीपर्यंत आम्ही तेंच इतरांस सांगत आलों.

तो काळ वाचकांपैकीं वडील मंडळींस आठवत असेल. मुंबई राज्यांत 1949 चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून पूर्ण बंदी अमलांत आली. पुढील वर्षीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मद्यार्क असलेलीं औषधें व प्रसाधनें यांवरील बंदी रद्द ठरविली. बाकीचा बहुतेक कायदा उभा राहिला. डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळे. परंतु तो काढणें म्हणजे आपलें नांव सरकारी दप्तरांत लिहून देणें. ज्यास तें धैर्य नव्हतें, त्याच्यासाठीं गूळ व नवसागर यांची हातभट्टी होती.

मातोश्री म्हणाल्या, "वाड्यांत कोठीच्या खोलीला आंतून कडी होती. भावोजी रात्रीं दिवा घेऊन तेथें जात. हिशेब लिहितों म्हणत. गव्हाच्या कणगींत मला बाटली सांपडली, ती मी होती तशी ठेविली. बोलले असतें तर सासूबाईंच्या कानीं गेलें असतें. बाहेर गेलें असतें तर त्यांची नोकरी गेली असती, पोलीस दारांत आले असते. सासूबाईंनाही ठाऊक होतें, हें मला त्या गेल्यावर कळलें. सगळ्यांना ठाऊक होतें. पोट फुगलें, डोळे पिवळे झाले, तेव्हां डॉक्टर आणला. आणि त्यालाही कोणी खरें सांगितलें नाहीं." थोडें थांबून त्या नातवास म्हणाल्या, "तूं घेऊं नयेस असें मला वाटतें. पण घेणार असशील तर खोली कर. दाराला आंतून कडी लावूं नकोस. कोण किती घेतो तें घराला दिसलें पाहिजे."

निकाल लागला तो असा.

पुढें सुतार आला. वाडा उतरवितांना दोन सागवानी तुळया आम्हीं राखून ठेविल्या होत्या. त्या कापून ओट्याची दर्शनी बाजू व वरची कड झाली. उभ्यानें टेकून बोलण्यास ओट्याची उंची 42 इंच बरी पडते, व तिजपुढें बसावयास 30 इंचांचें उंच स्टूल लागतें. माणशीं निदान 24 इंच रुंदी धरली म्हणजे कोपरास कोपर लागत नाहीं. पाय अधांतरीं राहून अवघडूं नयेत म्हणून जमिनीपासून आठ इंचांवर पितळी दांडी बसविली. भिंतीच्या लांबींत चार स्टुलें सहज मावत होतीं. पुतण्यानें तीनच करविलीं. चौथें मावतें म्हणून चौथा पाहुणा बोलाविला जातो, असें त्याचें म्हणणें.

ओट्यावर संगमरवर बसवावा असा बंधूंचा आग्रह होता. परंतु लिंबाच्या रसानें संगमरवराचें तेज जातें व डाग राहतो. म्हणून काळा ग्रॅनाइट घेतला. पलीकडे न्हाणीघर असल्यामुळें हात धुण्याच्या लहान मोरीस पाण्याचा ढाळ आयता मिळाला. खोलीस पश्चिमेची खिडकी आहे. ऊन व उष्णता यांनीं मद्याची चव बिघडते, म्हणून कपाट त्या भिंतीपासून दूर केलें. बुचाच्या वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागतात, कारण बूच ओलें राहिलें नाहीं तर आकसून आंत हवा शिरते. व्हिस्की किंवा रम मात्र उभी ठेवावी, कारण तिच्या तीव्रतेनें बूच झिजतें. नाशिकची वाइन व गोव्याची काजूची फेणी एका फळीवर आली. या फेणीस 2009 सालीं भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, हें पुतण्यानें आम्हांस सांगितलें. जणू तेवढ्यानें ती आम्हांस सोज्वळ वाटावी!

कायद्याची बाजूही त्यानें नीट केली. 1949 चा तो कायदा महाराष्ट्रांत अद्याप चालू आहे. घरीं मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि त्यावर महिन्याकाठीं किती घ्यावें यासही मर्यादा आहे. बियर व वाइन यांसाठीं वयाची एकवीस वर्षें आणि कडक मद्यासाठीं पंचवीस वर्षें पूर्ण असावीं लागतात. घरांत चौदा वर्षांची नात असल्यामुळें कपाटास बाहेरून कुलूप आहे, व किल्ली सूनबाईंच्या जुडग्यांत असते. दारास वरच्या अर्ध्या भागांत कांच आहे. आंतून कडी नाहीं.

ओट्यावर एक वही ठेविली आहे. जो घेईल त्यानें आपल्या हातानें तारीख व माप लिहावें, हा पुतण्याचाच नियम. मित्र आले तर रात्रीं येथेंच निजतात किंवा रिक्षानें जातात. गाडीची किल्ली येतांच टोपलींत पडते. मातोश्री नऊच्या सुमारास कोकमाचें सरबत घेऊन कधीं कधीं तेथें जाऊन बसतात. त्या बसल्या म्हणजे मंडळी वाईट वागतात असें नाहीं आणि विशेष चांगलें वागतात असेंही नाहीं. पेले मात्र सावकाश रिकामे होतात.

पहिल्या पावसाळ्यांत त्या वहींत शनिवाराबरोबर बुधवारही दिसूं लागले, मग गुरुवार. कोणी कांहीं बोलण्यापूर्वीं पुतण्यानेंच तीं पानें एका सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांसमोर ठेविलीं व कुलपाची किल्ली दोन महिने मागणार नाहीं असें सांगितलें. त्यानें मागितली नाहीं. कोठीच्या खोलींत असलें पान कधीं लिहिलें गेलें नसतें, आणि लिहिलें गेलें असतें तरी तें चहाच्या वेळीं बाहेर आलें नसतें.

सर्व कांहीं गोड झालें असें मात्र म्हणवत नाहीं. आमचे एक मेहुणे तेव्हांपासून आमच्या घरीं पाणीही घेत नाहींत. सणाला येतात, दारांतच उभे राहून जातात. त्यांच्या निष्ठेचा आम्ही अनादर करीत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. पुतण्याचा एक जुना मित्र प्रथम दोनदां आला, आजींसमोर अवघडला, वहींत कांहीं न लिहितां उठला व पुन्हां आला नाहीं. तो कोठें बसतो तें ठाऊक नाहीं. ज्याला कडी हवी असते त्याला बिनकडीची खोली उपयोगी पडत नाहीं, आणि काळजी त्याचीच अधिक. पुतण्या आतां स्वतः त्याच्याकडे जातो, डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 1986 सालीं पुण्यांत सुरू केलेल्या मुक्तांगणाचें नांव त्यानें त्याच्या कानावर घातलें आहे. अद्याप होकार नाहीं.

आमच्या या वृत्तांतावरून कोणीं आपल्या घरीं असली खोली करावी, असा आमचा सल्ला समजूं नये. ज्या घरांत एखाद्यास थांबतां येत नाहीं, तेथें तीत देवघर करावें किंवा पुस्तकें ठेवावीं. सौभाग्यवतींचा व आमचा मूळचा अर्ज तसाच होता. जेथें सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाहीं, तेथें मात्र खोली असो वा नसो, प्रथम बोलावें. यंदा पितृपंधरवड्यांत नातीनें काकांविषयीं विचारलें, तेव्हां मातोश्रींनीं तिला खरें काय तें सांगितलें. तिनें पुष्कळ प्रश्न केले व त्या सर्वांचीं उत्तरें तिला मिळालीं.

मातोश्री त्या खोलीस अजून अभ्यासाची खोलीच म्हणतात. नांव बदलावें असें आम्हांपैकीं कोणास वाटलेलें नाहीं.