दर्याशी बोलणे

समुद्राशी संबंधित जादू युरोपीय साहित्यात बहुधा बाईच्याच वाट्याला आली आहे. अँडरसनच्या १८३७ सालच्या जलपरीच्या कथेत समुद्रातील चेटकीण जलपरीला पाय देते, पण मोबदल्यात तिची जीभ घेते. वॉल्टर स्कॉटला १८१४ साली ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेस गावी एक वृद्धा भेटली. सहा पेन्स घेऊन ती खलाशांना अनुकूल वारा मिळवून देत असे. आज इंग्लंड-अमेरिकेत काही जण स्वतःला आपणहून ‘सी विच’ म्हणवून घेतात. ते भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात, शिंपले आणि समुद्राचे पाणी जपतात, दोरीला गाठी मारतात. त्यांच्याविषयी वाचताना मला फारसे परके वाटले नाही, कारण यांतल्या काही गोष्टी मीही गेली पंधरा वर्षे करीत आले आहे. मात्र मी त्या पुस्तकांतून घेतलेल्या नाहीत. माझ्या मावशीकडून त्या माझ्याकडे आल्या.

मावशी मालवणजवळच्या एका गावात राहत असे. होडीवर गेलेला तिचा मुलगा परतला नाही. त्याचे शवही मिळाले नाही. त्यानंतर ती दर अमावास्येला पुळणीवर जाऊ लागली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. अमावास्येचे पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात. दुपारच्या भरतीला घरची कामे आडवी येत, म्हणून ती रात्रीच्या भरतीला जाई. पाणी चढेपर्यंत बसे आणि मग उभी राहून दर्याला गाऱ्हाणे घाली. सुरुवातीला ती मुलाला परत मागत असे. पुढे मागणे थांबले आणि ती नुसती घरची खबर सांगू लागली: गाय व्याली, पडवीची कौले बदलली, धाकटीचे लग्न ठरले. निघताना हातातल्या सुतळीला एक गाठ मारी.

गावाने याला चेटूक म्हटले. शेजारच्या म्हशीचे दूध आटले, कुणाच्या पोराचा ताप उतरेना. दोन्हींचा दोष त्या गाठींवर आला. हळदीकुंकवाची, लग्नाची बोलावणी बंद झाली. नारळी पौर्णिमेला साऱ्या गावाने वाजतगाजत दर्याला नारळ अर्पण केला तर तो सण, आणि एका बाईने एकटीने सुतळीला गाठ मारली तर ती करणी. देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मावशीच्या गाऱ्हाण्यामागे ते म्हणायला कोणी नव्हते.

मी महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच सहकाऱ्यांना माझे हे वागणे विसंगत वाटते. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ सालच्या डिसेंबरात, विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याची अनुसूची मी नीट वाचली आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. म्हणजे हा कायदा मावशीच्या विरोधात नाही, तिच्या बाजूचा आहे. तो झाला तेव्हा तिला जाऊन चार वर्षे लोटली होती.

माझी रीत तिच्याहून फारशी वेगळी नाही. सध्या मी मुंबईत राहते. अमावास्येला, जमेल त्या भरतीला किनाऱ्यावर जाते आणि त्या महिन्यातली एक गोष्ट समुद्राला सांगते; मनात नव्हे, उच्चारून. काही मागत नाही. कुणाचे भविष्य सांगत नाही, कुणाच्या दुखण्यावर उपाय करीत नाही. समुद्र ऐकतो असेही मी मानत नाही. परंतु उच्चारलेले वाक्य मनातल्या वाक्यासारखे पळवाट काढू शकत नाही. ते पूर्ण करावे लागते. शिवाय भरती माझ्या सोयीने येत नाही. तिच्या वेळेला मला हजर राहावे लागते. दुःखाला अशी वेळ नेमून दिली की उरलेले दिवस आपले राहतात. मावशीच्या गाठींचा अर्थ मी असा लावते.

सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून कविता रचली. कुसुमाग्रजांचा कोलंबसही समुद्राशीच बोलतो. या कविता मी वर्गात शिकवते, चेतनगुणोक्ती समजावून सांगते, परीक्षेत तिला गुणही देते. कवी समुद्राशी बोलला की अलंकार होतो, आणि मावशी बोलली की चेटूक. दोन्हीकडे संबोधन तेच, ऐकणाराही तोच. कवीला वाचक असतात, तिला साक्षीदारसुद्धा नव्हता. फरक असलाच तर एवढाच.

तिची सुतळी आता माझ्याकडे आहे. तिची शेवटची गाठ जिथे आहे तिथून पुढे मी माझ्या गाठी मारते. ‘चेटकीण’ हा शब्द मात्र मी स्वतःला लावून घेत नाही. युरोपातही या शब्दापायी एके काळी बायकांचे जीव गेले. तरी आज तिथे तो कुणाला हौसेने मिरवता येतो. आपल्याकडे अजून तो दुसरेच कोणी बाईवर लादते. तोवर मी जे करते त्याला ‘दर्याशी बोलणे’ एवढेच म्हणेन. मावशीही तेवढेच म्हणत असे.