टाचांच्या भेगा आणि मोहळाचे मेण

भाताची कापणी तोंडावर आली की आमच्या भंडारदऱ्याकडे थंडीही येते, आणि पावसाळाभर खाचरात भिजलेल्या टाचा तडकू लागतात. मागे एका दिवाळीत माझ्या सासूबाईंच्या भेगांतून रक्त येऊ लागले. टाच टेकवेना, तरी विळा घेऊन बांधावर हजर! म्हणाल्या, "भात काय माझ्या पायांसाठी थांबणार हाये?"

त्यांच्या माहेरी राळ आणि मेणाचा मलम करीत. मी शहाणीने दुकानातली मेणबत्तीच वितळवली. मलम भुसभुशीत झाला, सगळा पोतेऱ्याला लागला. मेणबत्तीचे मेण बहुधा पॅराफिन असते, खनिज तेलापासून काढलेले. आपल्याला हवे ते मोहळाचे. ते पिवळसर असते, त्याला मधाचा वास येतो आणि हाताच्या उबेने ते मऊ होते.

मध गाळल्यावर उरलेला चोथा आपण फेकतो ना, त्यातच हे मेण असते. चोथा फडक्यात बांधून पाण्यात उकळा. मेण वर तरंगते आणि निवल्यावर त्याची चकती जमते. भांडे मात्र जुनेच घ्या, मेण घासून निघता निघत नाही. मोहोळ जाळून मध काढणाऱ्यांकडून घेऊ नका; माशा मेल्या तर पुढच्या साली काय? महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथे पेट्यांत सातेरी माशा पाळतात. अशा पेटीवाल्यांकडेही मेण मिळते.

पंचवीस ग्रॅम मेणाला शंभर ग्रॅम तीळतेल घ्या. खोबरेल आमच्या थंडीत थिजते, म्हणून मलम दगडासारखा होतो. खुरासणीचे तेल घरचे असले तरी लवकर खवट होते. पातेल्यात पाणी गरम करून त्यात मेण-तेलाची वाटी ठेवा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याला उकळते पाणी पुष्कळ झाले. थेट चुलीवर ठेवू नका. पेटले तर पाणी बिलकूल ओतायचे नाही. झाकण टाकायचे आणि जाळ ओढून घ्यायचा.

रात्री पाय कोमट पाण्यात भिजवा, टिपा आणि ओलसर असतानाच मलम चोळा. मेण ओल आत धरून ठेवते, म्हणून कोरड्या टाचेला लावून तेवढा उपयोग नाही. आठवड्याभरात सासूबाईंची टाच टेकू लागली.

मग माझी हुशारी वाढली. पुढच्या आषाढात त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, तर मी तिथेही हाच मलम भरला. चार दिवसांत जागा सोलून निघाली, वास येऊ लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे. तिला ओल हवी असते आणि तुम्ही ती आत कोंडलीत. चिखल्यांना बेचकी कोरडी ठेवावी लागते आणि औषध वेगळे असते. भेग लाल झाली, पू आला किंवा घरात कुणाला साखरेचा आजार असला, तर घरच्या मलमावर थांबू नका, दवाखाना गाठा.

सासूबाई त्या वेळी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आता मात्र डबी त्यांच्याच कोनाड्यात असते. मी मागितली की आधी विचारतात, "टाचेला का बेचकीला?"