अजगराचे कूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अजगराच्या बाबतीत मात्र ते शोधलेच पाहिजे, असे आमचे मत झाले आहे. मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांनी हा विषय काढावा, याचे नवल वाटेल. परंतु जालन्यातली आमची मुले मोबाइलवर फांदीला वेटोळे घातलेला हिरवागार वृक्ष-अजगर दाखवून विचारतात, ‘याची जोडी आणून पिल्ले काढता येतील का?’ प्रश्न आलाच आहे, तर वाचून जे उमगले ते नवशिक्यांपुढे ठेवतो.

हा प्राणी न्यू गिनीच्या आणि ऑस्ट्रेलियातील केप यॉर्कच्या ओल्या रानांतला. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे 50 दिवस ती सांभाळते. यंत्रात उबवायची तर तापमान 31 अंशांच्या आसपास आणि हवा दमट लागते. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या जिल्ह्यात 2012-13च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तिथे काचेच्या पेटीत बारमाही पावसाळा राखायचा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. पिल्ले पिवळी किंवा विटकरी लाल जन्मतात. हिरवा रंग मागाहून येतो. त्यांची शेपटी फार नाजूक असते. नर की मादी हे पाहण्याची घाई केल्यास ती कायमची दुखावते.

हे सारे कष्टाने साधेल. खरी अडचण पुढेच आहे. इंडोनेशियातून ‘पिंजऱ्यात जन्मलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी सुमारे 80 टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले असतात, असे लायन्स आणि नाटुश यांच्या 2011च्या अभ्यासात आढळले. म्हणजे हौशी माणूस ज्या सौंदर्यावर भुलतो, तेच रानातून कमी करण्यास हातभार लावतो.

आपल्याकडचा भारतीय अजगर घरी पाळणे हा 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच आहे. परदेशी वृक्ष-अजगर बाळगणाऱ्याला 2022ची दुरुस्ती आणि 2024चे नियम यांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. पण नोंदणी म्हणजे कुळाची ग्वाही नव्हे. रानातल्या जिवालाही कागद चिकटवता येतो.

आमच्या भागातला शेतकरी मोसंबीचे कलम घेताना खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. फसवणूक झाली तर ती काही वर्षांनी, फळ धरताना कळते. नवशिक्याने विक्रेत्याला तेच विचारावे: आईबाप कोणते, अंडी कधी घातली, पिल्ले कधी निघाली, आणि याची टिपणे कुठे आहेत? उत्तर अडखळले, तर जोडी तिथेच ठेवून परतावे. न घेतलेल्या अजगराचेही संगोपन होते. फक्त ते आपल्या घरात होत नाही.